चिवड्याचा डबा आणि मुका खांब

दुपारचे साडेचार. सिडकोतला एखादा फ्लॅट असो, गारखेड्यातलं घर असो की जुन्या शहरातला वाडा, चहाचं आधण नुकतंच उतरलेलं असतं आणि बाहेर ऊन अजून तावत असतं. वैशाखात तर या वेळी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. दुपारची भाकरी, वरण, भाजी अजून जिरायची असते. तरी फडताळाचं दार उघडतं, डब्याचं झाकण निघतं आणि मुरमुऱ्याच्या चिवड्याची पहिली मूठ तोंडात जाते. दुसरी उभ्या उभ्याच. तिसरी घेताना माणूस मनाशी म्हणतो, आता ही शेवटची.

ही भूक कुठली, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. त्या क्षणी समोर सकाळची ज्वारीची भाकरी आणि नुसतं वरण ठेवलं तर खावंसं वाटेल का? वाटलं तर ती पोटाची भूक. ताट घ्यावं, बसून खावं, त्यात काही चुकीचं नाही. भाकरी नको, चिवडाच हवा, असं वाटलं तर ती तोंडाची. तोंडाच्या भुकेचा हिशेब आपल्याला लागत नाही, ही खरी अडचण. मूठभर खारे दाणे म्हणजे साधारण 30 ग्रॅम आणि 170 किलोकॅलरी. ज्वारीच्या एका लहान भाकरीतूनही जवळपास तेवढ्याच मिळतात. दाणे वाईट नव्हेत, उलट चांगलेच. पण भाकरी खाल्ल्याचं लक्षात राहतं आणि रात्री एक कमी खाल्ली जाते. जाता-येता मारलेल्या मुठी कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आहे. एवढ्या साखरेच्या देशात या मुठींकडे काणाडोळा करणं परवडणारं नाही.

यावर घरोघरी एकच उपाय चालतो. डबा वरच्या फळीवर ठेवायचा. दोन दिवसांनी स्टूलही तिथेच येऊन राहतं. त्यापेक्षा ती वेळच दुसऱ्या कशाने तरी भरावी, एखादा छंद लावून घ्यावा, असं डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळेच सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. काही छंदांनी डबा बंद राहतो आणि काहींनी तो मांडीवर येऊन बसतो. कोणता छंद कुठल्या गटातला, हे ठरवायला थोडं विज्ञान लागतं.

तोंडाची भूक अगदीच खोटी असते असंही नाही. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने 1999 मध्ये घ्रेलिन हे संप्रेरक शोधून काढलं. ते मुख्यतः जठरातून पाझरतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. त्याची एक खोड आहे. ज्या वेळी रोज खाल्लं जातं त्या वेळेच्या आधी ते वाढायला लागतं. रोज साडेचारला चिवडा देत गेलात तर सव्वाचारपासून शरीर वाट पाहायला लागतं. ही सवय आपणच लावलेली असते आणि ती आपल्यालाच मोडता येते, पण एका दिवसात नव्हे.

दुसरं कारण कंटाळा. 1977 मध्ये एब्रॅमसन आणि स्टिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना बराच वेळ तीच ती अक्षरं लिहीत बसवलं, काहींना रंजक काम दिलं आणि सगळ्यांच्या पुढ्यात खायला ठेवलं. कंटाळलेल्यांनी जास्त खाल्लं. जाड माणसांनीही आणि बारीक माणसांनीही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात 2015 मध्ये याहून चमत्कारिक प्रयोग झाला. एकच छोटी चित्रफीत लोकांना तासभर पुन्हा पुन्हा दाखवली. समोर चॉकलेटच्या गोळ्या ठेवल्या तेव्हा कंटाळलेल्यांनी त्या जास्त खाल्ल्या. गोळ्यांच्या जागी विजेचा हलका झटका बसणारं बटण ठेवलं तर त्यांनी तेही जास्त वेळा दाबलं! त्याच्या आदल्या वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांना रिकाम्या खोलीत 15 मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं होतं. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी तेवढ्या वेळात स्वतःला झटका देऊन पाहिला. कंटाळलेल्या माणसाला काहीतरी घडायला हवं असतं, मग ते चविष्ट असो की चटका देणारं. चिवड्यात निदान कढीपत्ता असतो.

खायची हुक्की येते तेव्हा मनात नेमकं काय चालतं, यावर कॅव्हनॉ, अँड्रेड आणि मे या तिघांनी 2005 मध्ये एक सिद्धान्त मांडला. आधी एक चुटपुटता विचार येतो: कचोरी. तो तसाच निघून गेला तर प्रश्न मिटला. पण मन त्याला धरून ठेवतं आणि चित्र रंगवायला बसतं. औरंगपुऱ्यातल्या गाडीवरची कढई, तेलात वर येणारी कचोरी, तिच्यावर फोडलेलं दही, चिंचेच्या चटणीची धार. चित्र जितकं ठसठशीत, तितकी हुक्की जोरकस. हे चित्र रंगवायला मनातली एक ठरावीक जागा लागते, आपण एखादा आकार डोळ्यांपुढे आणतो किंवा फिरवून पाहतो तीच. ही जागा फार मोठी नसते. तिथे दुसरं काम बसवलं की कचोरीचं चित्र धूसर होतं.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात अँड्रेड आणि मे यांच्या गटाने हे तपासून पाहिलं. त्यासाठी त्यांनी टेट्रिस हा 1984 मध्ये मॉस्कोत जन्मलेला खेळ घेतला. वरून पडणारे ठोकळे फिरवून खालच्या फटीत बसवायचे, एवढाच तो खेळ. तीन मिनिटं खेळलं की खाण्यापिण्याच्या हुक्कीचा जोर सुमारे 24 टक्क्यांनी उतरला, असं 2014 मध्ये त्यांनी नोंदवलं. पुढच्या वर्षी 31 विद्यार्थ्यांना आठवडाभर रोजच्या व्यवहारात अधूनमधून खेळायला दिलं, तेव्हा हुक्कीची सरासरी तीव्रता शंभरात 70 वरून 56 वर आली. हे संपूर्ण पाणी फिरणं नव्हे, हेही पाहायला हवं. हुक्की मरत नाही, मवाळ होते. डब्याकडे निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून परतायला मात्र तेवढं पुरतं.

मला यापेक्षा 2012 चा मातीचा प्रयोग जास्त आवडतो. चॉकलेटची हुक्की आलेल्यांच्या हाती मळलेली माती (खरं तर प्लास्टिसिन) देऊन दहा मिनिटं आकार करायला लावले. हुक्की उतरली. मनात आकडे मोजायला सांगितलेल्यांची तितकी उतरली नाही. मोजणी मनातल्या बोलण्याच्या जागेत चालते आणि कचोरीचं चित्र तर शेजारच्या खोलीत असतं. मराठवाड्यात पोळ्याला मातीचे बैल करायची रीत आहे. वशिंड नीट बसवायचं, शिंगं सारखी वळवायची, पाय असे ठेवायचे की बैल लवंडू नये. अंगठा आणि डोळे दोन्ही त्यात अडकलेले. शिवाय मातीने बरबटलेल्या हाताने कोणी चिवडा खात नाही. प्लिमथच्या अभ्यासकांनी या शेवटच्या मुद्द्याकडे फारसं लक्ष दिलेलं नाही, पण माझ्या मते निम्मं काम तोच करतो.

तर छंद निवडताना दोन प्रश्न. दोन्ही हात गुंततात का? आणि डोळ्यांना, मनातल्या डोळ्यांनाही, आकाराचं काही काम आहे का?

या कसोटीवर टीव्ही साफ नापास होतो. दोन्ही हात रिकामे, डोळे पडद्यावर आणि वाटीकडे लक्ष नाही. लक्ष दुसरीकडे असताना खाल्लं की माणूस त्या वेळीही जास्त खातो आणि नंतरच्या जेवणात त्याहून जास्त, असं 2013 मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं. ब्रिस्टलच्या एका प्रयोगात दुपारचं जेवण जेवताना संगणकावर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळणाऱ्यांनी नंतर जास्त बिस्किटं खाल्ली, कारण जेवण नीट आठवतच नव्हतं. किशोरवयीन मुलांनी तासभर व्हिडिओ गेम खेळल्यावर भूक वाढलेली नसतानाही जास्त खाल्लं, असाही एक डॅनिश निष्कर्ष आहे. मग टेट्रिसने हुक्की उतरली ती कशी? तिथे तीन मिनिटांचा मोजका डोस होता आणि समोर ताट नव्हतं. तासन्‌तास मोबाइलवर खेळणं हा उपाय नव्हे, तो दुसरा डबा आहे.

क्रिकेटची मॅच, पत्त्यांचा डाव, भिशी यांचं तर खाण्याशी लग्नच लागलेलं आहे. त्यात पडायचं तर खायचं, हे मान्य करून पडावं.

वाचनाचं काय, हा नाजूक प्रश्न. वाचनासारखा छंद नाही हे खरं. पण पुस्तक एका हाताने धरता येतं, आणि दुसऱ्या हाताचं काय होतं ते कुठल्याही वाचनालयातली जुनी कादंबरी सांगते. पानाच्या खालच्या कोपऱ्यात हळदीचा पिवळा अंगठा असतोच. रहस्यकथांमध्ये तो शेवटाकडे जास्त गडद होत जातो. वाचावं जरूर, पण रात्री जेवणानंतर. साडेचारच्या धोक्याच्या वेळेसाठी दुसरं काही हवं.

माझं पहिलं मत क्रोशाला. पांढऱ्या सुती दोऱ्याचा गुंडा आणि आकडीच्या टोकाची एक सुई, सगळं भांडवल शंभर-दोनशे रुपयांचं. गुलमंडीच्या बाजूला दोरे-मणी-लेसच्या दुकानांत मिळतं. डाव्या हाताच्या तर्जनीवरून दोरा घ्यायचा, करंगळीला एक वेढा देऊन ताण राखायचा, उजव्या हातात सुई. आधी साखळ्या. मग सुई साखळीत घालून दोरा ओढायचा, सुईवर दोन घरं आली की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून काढायचा: हा मुका खांब. सुईवर आधी एक वेढा घेतला तर उभा खांब. मुके खांब घट्ट आणि बुटके, उभे खांब उंच आणि जाळीदार. ताटावर झाकायचा गोल रुमाल करायचा तर दर ओळीत ठरावीक ठिकाणी खांब वाढवावे लागतात, नाहीतर गोलाची वाटी होते. कुठे वाढवायचे, किती साखळ्यांची कमान घ्यायची, हे मोजत आणि पुढचा आकार डोळ्यांपुढे आणत राहावं लागतं. कचोरीला जागा कुठे उरते? आणि तेलकट, हळदीच्या बोटाने पांढरा दोरा धरला तर डाग कायमचा. दोनदा हात धुऊन पुन्हा बसलं की तिसऱ्यांदा डब्याकडे जायचा कंटाळा येतो. या खेपेला कंटाळा आपल्या बाजूने असतो.

पुरुषांनी हे वाचून पान उलटू नये. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात पैठणीच्या मागावर पुरुष बसलेले दिसतात. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी कांडी हाताने आत-बाहेर करावी लागते आणि शेजारच्या रंगाचे धागे एकमेकांत अडकवत जावं लागतं. शहरात एकेकाळी भरभराटीला आलेल्या हिमरूतही सूत आणि रेशमाच्या धाग्यांचा असाच हिशेब. तो त्यांचा पोटाचा धंदा आहे, त्याला छंद म्हणणं त्यांच्या कष्टांवर अन्याय होईल. पण बारीक हातकाम बाईचंच, असं या जिल्ह्यात तरी म्हणता येत नाही. दोरा नकोच असेल तर लाकडात कोरणं, सायकल उघडून साफ करून पुन्हा जोडणं, जुना रेडिओ दुरुस्त करणं, काहीही चालेल. ग्रीसने काळा झालेला हात मातीच्या हाताइतकाच उपयोगी.

उन्हाळ्यात एक छंद असा आहे की त्याला दोन बाजूंनी विज्ञानाचा टेकू मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या केम्प्स आणि टिगमन यांनी 2012 मध्ये खाण्याच्या हुक्कीवर वासाचा काय परिणाम होतो ते पाहिलं. चमेलीच्या जातीच्या फुलाचा वास दिल्यावर चॉकलेटची हुक्की कमी झाली. हिरव्या सफरचंदाचा वास आणि नुसतं पाणी यांनी तसं झालं नाही. वास खाद्यपदार्थाचा नसावा, एवढीच अट. आता आपल्या गच्चीतला मोगरा घ्या. तोही त्याच कुळातला. त्याच्या कळ्या दुपारी टपोऱ्या होतात आणि संध्याकाळी उमलतात, म्हणजे तोडायची वेळ साडेचार-पाचचीच. कळ्या ओंजळीत घेऊन बसावं, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला, मधून दोऱ्याची गाठ, पुन्हा दोन. देठ फार दाबला तर तुटतो, सैल सोडला तर गजरा सुटतो. दोन्ही हात गुंतलेले, नजर गाठीवर, नाकाशी मोगरा. गजऱ्यावर कोणी प्रयोग केलेला माझ्या वाचनात नाही, आणि प्रयोगशाळेतला क्षणभराचा वास आणि अर्धा तास केलेली ओवणी एकच नव्हे. तरीही कुंडीतल्या दोन रोपांवर एवढी पैज लावायला हरकत नाही. त्यांना ऊन मानवतं, आणि मराठवाड्यात दुसरं काय मुबलक आहे?

बसून करायचं काही जमत नसेल त्यांनी उठावं. एक्सेटर विद्यापीठात रोज चॉकलेट खाणाऱ्या 78 जणांना घेतलं. निम्म्यांना 15 मिनिटं झपाझप चालवलं, निम्म्यांना बसवलं, मग सगळ्यांना कार्यालयासारखं काम दिलं आणि शेजारी चॉकलेट ठेवलं. बसलेल्यांनी सरासरी 28.8 ग्रॅम खाल्लं, चाललेल्यांनी 15.6. काम सोपं की अवघड याने फरक पडला नाही, चालण्याने पडला. आपल्या विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी यासाठी उत्तम. चढ दम काढतो, वर पोहोचलं की एका बाजूला बीबी-का-मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि पलीकडे पसरलेलं सगळं शहर. उन्हाळ्यात मात्र सहाच्या आत चढू नये. शहरातल्या चालण्याला एकच धोका, तो वाटेचा. सिडकोतून चालायला निघालेले कितीतरी जण कॅनॉटला पोहोचतात आणि चाललेल्याचं बक्षीस म्हणून चाट खातात. पंधरा मिनिटं झपाझप चालून जेमतेम 60-70 किलोकॅलरी खर्च होतात. एका समोशात त्याच्या तिपटीहून जास्त असतात.

चालण्याला डोळ्यांचं काम जोडायचं असेल तर पक्षी पाहावेत. दिल्ली दरवाजाजवळचा सलीम अली सरोवर, पूर्वीचा खिज्री तलाव, शहरातच आहे. काठच्या रस्त्यावरूनही बरंच दिसतं. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदक, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. दुर्बीण दोन हातांनी धरावी लागते. ढोकरी उडाली की पांढरी दिसते आणि बसली की मातकट, हे लक्षात ठेवून वहीत लिहावं लागतं. हिवाळ्यात एखादा रविवार काढून नाथसागरावर जावं. जायकवाडीचा तो जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि नशीब असेल तर रोहित दिसतात.

ज्यांचं नाव शहरातल्या त्या तळ्याला आहे त्यांची गोष्ट या विषयाला चपखल लागू पडते. सलीम अलींना पक्ष्यांचा नाद लागला तो दहा-बारा वर्षांचे असताना, छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून. मामांनी ती ओळखून घ्यायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि पोरगा कायमचा अडकला. 1930 मध्ये बर्लिनहून शिकून परतले तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी बंद झालेली. तिशी ओलांडलेला, नोकरी नसलेला माणूस. ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि घराजवळच्या झाडावरच्या सुगरणींची घरटी पाहत बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसरं घरटं सुरू करतो, हे त्यांनी बारकाईने टिपलं. या निरीक्षणांनी त्यांचं नाव झालं. लगेच 1931-32 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाचं पक्षी सर्वेक्षण केलं, आणि आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. नोकरी गेलेल्या प्रत्येकाला सुगरण सापडत नाही, हे खरं. पण रिकाम्या महिन्यांचं काय करता येतं याचा एवढा चांगला दाखला दुसरा शोधावा लागेल.

एकट्याने करायचे छंद ज्यांना मानवत नाहीत त्यांनी खेळायला कोणी गाठावं. वेरूळच्या 14, 21 आणि 29 क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. डावावरून त्यांची जुंपलेली दिसते आणि खाली गण नंदीची खोडी काढताहेत. हे शिल्प मला नेहमीच फार घरगुती वाटत आलं आहे. कैलासावरही दुपार रिकामी असते तर! बुद्धिबळ, सोंगट्या, कॅरम, सगळे खेळ आकार मनात फिरवायला लावतात. कॅरमला तर पावडर लागलेली बोटं, म्हणजे डबा आपोआप दूर. फक्त समोरच्याने बशी आणून ठेवू नये एवढं आधीच ठरवून घ्यावं.

वाळूजच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांना हा सगळा सल्ला थोडा बाजूला ठेवावा लागेल. रात्रपाळी करून दिवसा चार तास झोपलेल्या माणसाला लागते ती भूक कंटाळ्याची नसते. शिकागोत 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं. इथे क्रोशाची सुई काय करणार? आधी खिडकीला जाड पडदा, घरच्यांना दारं न आपटण्याची विनंती आणि झोप. छंद त्यानंतर.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टरांनी संध्याकाळचं खाणं नेमून दिलेलं असेल तर ते टाळू नये. साखर अचानक उतरणं मूठभर चिवड्याहून कितीतरी धोक्याचं. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली तर विणकाम ठेवून लगेच साखर घ्यावी. वाढत्या वयाची मुलं, गरोदर बाया यांची साडेचारची भूक बहुधा पोटाचीच असते. त्यांना उपमा, सुशीला, फळ, जे असेल ते द्यावं. आणि एखाद्याला लपून, भराभर, पोट दुखेपर्यंत खाल्ल्याशिवाय राहवतच नसेल, नंतर स्वतःची घृणा येत असेल, तर तो छंदाचा विषय नाही. त्याला मानसोपचाराची मदत लागते आणि ती मिळते. घाटी रुग्णालयातही त्याचा विभाग आहे.

राहता राहिला प्रश्न टिकण्याचा. एकवीस दिवसांत सवय लागते असं सांगणारे बरेच भेटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर झालेल्या 2010 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने 66 दिवस लागले, कोणाला 18, कोणाला 254. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं, ही त्यातली दिलाशाची गोष्ट. म्हणून छंद असा हवा की दोन महिने तो ओढून न्यावा लागू नये. दुसऱ्याला शोभतो म्हणून घेतलेला गिटार भिंतीवर टांगून राहतो. लहानपणी आवडलेलं आणि पुढे सुटलेलं काही असेल तर पहिला मान त्याला द्यावा, मग ती ठिपक्यांची रांगोळी असो, पतंगाचा मांजा असो किंवा पोस्टाची तिकिटं. छंदाच्या सामानाची टोपली किंवा पेटी चिवड्याच्या डब्याच्या जागी ठेवायची, म्हणजे साडेचारला सवयीने गेलेला हात तिच्यावर पडतो. डबा कुठे ठेवायचा, ते घरातल्या दुसऱ्या कोणालातरी ठरवू द्यावं.